दार उघडलं की पाणी, डोकं घातलं की मासे

…आणि मला एक सांगा, 'समुद्रापासून दोन पावलांवर' म्हणजे कुणाची पावलं हो? माणसाची का उंटाची? नाही, मी विचारलं ना त्या खोलीवाल्याला, फोनवर, अगदी सभ्यपणे विचारलं, की दादा, दोन पावलं म्हणजे साधारण किती धरायची, तर म्हणतो कसा, "साहेब, काळजी करू नका, गाडीची सोय आहे." आता दोन पावलांना गाडी लागते? म्हटलं, "मग पावलं कशाला मोजताय, पेट्रोल मोजा ना," तर त्याने फोनच ठेवला. मी बोललो की लोक फोन ठेवतात. आणि माझं मागणं तरी काय होतं? बंगला मागितला होता? पलंगावर फुलं पसरून ठेवा म्हटलं होतं? तुम्हाला सांगतो, माझं मागणं एका श्वासात संपतं. दार उघडलं की पाणी, डोकं घातलं की मासे. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मासे बघायची एवढी काय हौस. तेच तर सांगतोय. माझा धंदाच माशांचा. म्हणजे विकायचा नाही, लोक लगेच भाव विचारतात. मी माशांच्या काचेच्या टाक्या साफ करतो. हॉटेलात, ऑफिसात, दवाखान्यात ती भलीमोठी टाकी असते ना, बुडबुडे येत असतात, आत एक प्लास्टिकची पेटी उघडझाप करत असते, ती टाकी आपोआप स्वच्छ राहते असं तुम्हाला वाटतं. नाही राहत. मी ठेवतो. तुम्ही दात काढायच्या भीतीने तिच्याकडे बघत बसलेले असता, तेव्हा तिच्या मागे, काच आणि भिंत यांच्या फटीत, हातात नळी धरून जो माणूस आडवा झालेला असतो, तो मी. निम्मं आयुष्य त्या फटीत गेलं माझं.

आणि दाताच्या डॉक्टरांची टाकी खाऱ्या पाण्याची बरं का. म्हणजे आतले मासे खरेखुरे समुद्रातले. त्यात एक निळा आहे, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, निळा म्हणजे इतका निळा की त्याच्याकडे बघून बाहेर आलं की बाकीच्या निळ्या वस्तू मळक्या वाटतात. मी गेलो की तो काचेपाशी येतो. बाहेरून माझा चष्मा काचेला टेकतो, आतून त्याचं तोंड टेकतं, आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. बोलत काही नाही. बोलण्यासारखं दोघांच्याही आयुष्यात काही घडत नाही. तर एक दिवस मला वाटलं… हसू नका… मला वाटलं, हा इतकी वर्षं माझ्या गावात येऊन राहिलाय, एकदा आपण त्याच्या गावाला जाऊन यायला नको?

घरी सांगितलं. ही म्हणाली, "जा की. त्यालाही घेऊन जा, माहेरी जाऊन येईल बिचारा." ही म्हणजे आमची ही. शिवणकाम करते. उसवलेलं शिवायचं, ढगळ असेल ते आत घ्यायचं, घट्ट असेल ते सोडायचं. दिवसभर मशीन चालू. हिच्या डोळ्यांचं असं आहे की लांबचं अगदी लख्ख दिसतं, पण जवळचं नाही, त्यामुळे सुईत दोरा मी ओवून देतो. माझं उलटं. जवळचं सगळं दिसतं आणि लांबची बस कुठली आली ते ही सांगते. आमच्या घरात दोघांचे मिळून दोन धड डोळे आहेत आणि त्यांच्यावर संसार चाललाय.

तर हिला म्हटलं, "तूपण चल." हिने मशीन थांबवलं नाही. मशीन चालू ठेवूनच म्हणाली, "मला समुद्र नको, मासे नको, मी केस ओले करणार नाही. मला पलंग हवा, मधे खड्डा नसलेला. आणि सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी केलेला. माझ्या आधी उठलेलं माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचंय." बघा, तिचंही मागणं एका श्वासात संपलं. काटकसरी घर आहे आमचं. खड्ड्याबद्दल तिचं म्हणणं असं आहे की तो माझ्या वजनाने पडलाय, आणि माझं म्हणणं असं की खड्ड्यात दोघंही घरंगळतो तर दोष एकट्याला कसा. पण ते जाऊ दे.

मग आला मेव्हणा. मेव्हणा एकदा कंपनीच्या खर्चाने एका बेटावर जाऊन आलाय आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात समुद्राचं खातं त्याच्याकडे आहे. पाय पसरून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, पहिली गोष्ट, मासे बघायला जातोय असं म्हणू नका, बरं दिसत नाही. स्नॉर्केलिंगला जातोय म्हणा." म्हटलं ते काय असतं? तर म्हणे डोळ्यांवर मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. अहो म्हटलं, नळी तोंडात धरायचंच काम करतो मी! टाकीतलं घाण पाणी काढायला नळी तोंडाने ओढूनच सुरू करावी लागते. फरक एवढाच, की इथे नळीतून पाणी तोंडात आलं की काम सुरू होतं, आणि तिथे नळीतून पाणी तोंडात आलं की काम संपतं.

"आमच्या हॉटेलच्या समोरच प्रवाळ होतं," मेव्हणा म्हणाला, "तिथेच राहा तुम्ही." त्याने हॉटेलचं नाव दिलं, मी फोनवर दर बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मला वाटलं त्यांनी चुकून फोन नंबर छापलाय. म्हटलं हे एका महिन्याचं का? तर म्हणे एका रात्रीचं. आणि वर काय, त्यांच्यासमोरचा तेवढा किनारा त्यांचा. मासेसुद्धा हॉटेलचे. म्हणजे त्या माशांकडे बाजूच्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसाने बघायचं नाही. माशाने बघितलं तर चालत असेल, ते मी विचारलं नाही.

मग सुरू झाला शोध. तुम्हाला सांगतो, मुलगी बघताना आमच्या घरच्यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. ही मशीनवर, मी शेजारी फोन घेऊन, आणि रोज एक नवीन खोली. एका खोलीच्या खिडकीतून काय समुद्र दिसत होता, वा! हीसुद्धा मशीन थांबवून म्हणाली, "घ्या ही." मी म्हटलं थांब. सकाळचा फोटो बघितला, संध्याकाळचा फोटो बघितला, आणि मला दिसलं की दोन्ही फोटोत लाट एकच. त्याच जागी, तशीच फुटलेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक लाट हवेत उभी. अहो, ते चित्र होतं! भिंतीवर चित्र लावून त्याला चौकट आणि पडदे लावले होते. मी फोन केला, म्हटलं, "तुमच्या समुद्राला खिळे ठोकलेत का?" त्यानेही फोन ठेवला.

दुसरी खोली, 'समुद्रदर्शन'. समुद्र दिसतो, पण कुठून? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की. "मागच्या वेळचे पाहुणे चढले होते," मालक म्हणाला, "त्यांना फार आवडलं." म्हटलं, "आता कुठे असतात ते?"

आणि ते लोक लिहून ठेवतात ना, राहून आल्यावर, कसं होतं आणि कसं नव्हतं! ते वाचायचं व्यसन लागलं मला. एकाने लिहिलं होतं, 'पाणी फार खारट.' समुद्राबद्दल, बरं का. एकीने लिहिलं होतं, 'खोलीत पाल होती, पण सभ्य होती.' आणि एकाने, अहो, एकाने तक्रार केली होती की 'मासे फारच जवळ येतात, त्रास होतो.' त्रास! मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हिला वाचून दाखवलं. कुणाचं काय दुःख असतं बघा. मला वाटलं त्या माणसाचा पत्ता काढावा, त्याच्या घरी जावं, आणि म्हणावं, बाबा रे, तुझा तो त्रास मला दे.

पण मीही काही कच्चा नाही. मी धंद्याची अक्कल लावली. टाकीत काय होतं, पंपाचा झोत जिथे वाळूवर आपटतो तिथलं पाणी गढूळ, आणि आडोशाला पाणी कसं निवळशंख. बेटाचंही तेच असणार. वारा ज्या अंगाने येतो तिकडे लाटा, गाळ, काही दिसायचं नाही. मासे दिसणार आडोशाला. म्हणून महागडी हॉटेलं सगळी आडोशाला आणि स्वस्त खोल्या सगळ्या वाऱ्याच्या तोंडावर. मग मला सुचलं, की होड्या कुठे बांधत असतील? आडोशालाच. होड्या जिथे तिथे मासे ठेवायला बर्फ. म्हणजे बर्फाचा कारखाना आडोशाला असणारच, आणि कारखान्याचा धडधडाट ऐकत झोपायला कोण येणार? म्हणजे तिथे पाणी स्वच्छ आणि भाडं कमी! मी उभा राहिलो. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "बर्फाचा कारखाना शोध." हिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आणि सापडला! कारखान्याच्या पाठीला पाठ लावून एक घर, त्यात एक खोली. फोन केला, एक काकू बोलल्या. "खोली आहे," म्हणाल्या, "पण मागे बर्फाचा कारखाना आहे." तुम्हाला सांगतो, खोलीची खोड पहिल्या वाक्यात सांगणारी ही पहिली बाई भेटली. म्हटलं, "आवाज फार येतो का?" म्हणाल्या, "आम्हाला नाही येत आता." "म्हणजे कमी झालाय?" "नाही, आम्ही ऐकायचं सोडलंय." म्हटलं, "आणि समुद्र?" "समोर." "समोर म्हणजे, काकू, किती समोर?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पायरीवर चपला काढू नका. जातात." म्हटलं, "कोण नेतं?" म्हणाल्या, "समुद्र."

दार उघडलं की पाणी! मी आवाज सांभाळत विचारलं, "आणि मासे?" "मिळतील की, सकाळी होडी आली की ताजे." म्हटलं, "खायला नाही हो, बघायला." "बघायला म्हणजे?" "म्हणजे पाण्यात. पोहत असताना." "आणि मग?" "मग काही नाही. बघून परत यायचं." फोन बाजूला धरून त्यांनी घरात कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "अहो, नुसते बघायला येतायत म्हणे." तिकडून पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला. मग काकू समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, "या. समोरच्या खडकांपाशी आम्ही जाळं टाकत नाही, फाटतं. तिथे झुंडीच्या झुंडी असतात, निवांत. मास्क, नळ्या पण आहेत, पाहुणे विसरून गेलेले. वेगळे पैसे नकोत." म्हणजे मास्कसुद्धा फुकट. मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, "पलंगाचं विचारायचं राहिलं." ही म्हणाली, "वाटलंच मला." आणि तिनेच परत फोन करून पलंगाचं, गादीचं, उशीचं आणि चहाचं सगळं पक्कं केलं.

तर गेलो आम्ही. बसने गेलो, होडीने गेलो, होडीत हिने डोळे मिटून माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीसारखा वळ उठला. काकूंचं घर आलं. खोली अगदी सांगितली तशीच होती. मी बॅग टाकली, आणि समुद्राकडचं दार… तुम्हाला सांगतो, त्या दारापुढे मी लग्नातल्यासारखे केस नीट केले… दार उघडलं. आणि पाणी नव्हतं. चिखल होता. लांबच लांब चिखल, त्यात एक होडी कुशीवर झोपलेली आणि खेकडे इकडून तिकडे फिरतायत. मी म्हटलं, "काकू, समुद्र?" "गेला," काकू म्हणाल्या. "कुठे?" "ओहोटी नाही का. येईल की. रोज येतो." ही माझ्या मागे तोंडाला पदर लावून हसत होती. इतके महिने मी वारा बघितला, होड्या बघितल्या, कारखाना शोधला, आणि समुद्र जातो-येतो हे माझ्या डोक्यातच नाही. कारण टाकीतलं पाणी कुठे जात नाही. गेलंच तर मला फोन येतो.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत चिखलाकडे बघत राहिलो. आत ही पलंगावर पडली, हात लांब करून गादीच्या मध्यापर्यंत चाचपलं आणि म्हणाली, "सपाट आहे." मागे कारखाना धडधडत होता. मी म्हटलं आता हिला झोप कसली लागणार. तर हिला झोप लागलीसुद्धा. घरी मशीनच्या आवाजात दिवस जातो तिचा, तिच्यासाठी तो अंगाईच होता. सकाळी काकू चहा घेऊन आल्या तर ही गाढ झोपेत. 'माझ्या आधी उठलेलं माणूस बघायचंय' म्हणत होती ना? आता ते बघायला तिला उठायला हवं होतं, आणि ती काही उठेना. मी दोन कप हातात धरून उभा. उठवलं नाही. इतक्या वर्षांत सकाळच्या उजेडात तिचा झोपलेला चेहरा मी बघितला नव्हता, कारण मी उठतो तेव्हा ती कधीच स्वयंपाकघरात गेलेली असते. आणि खिडकीतून बघतो तर पायरीला पाणी लागलेलं. हिरवं, स्थिर, काचेसारखं. माझी एक चप्पल गेली होती.

उडीच मारली म्हणा ना. मास्क घेतला, नळी घेतली, कमरेइतक्या पाण्यात गेलो. मास्क डोळ्यांवर लावला. लागेना. का लागेना? मी चष्मा घातलेला. चष्म्याच्या काड्या कानाकडे जातात ना, तिथे रबर टेकत नाही, फट राहते, आणि त्या फटीतून अख्खा समुद्र आत. अहो, मी कोण? टाकी कुठून गळते ते नुसतं बोट फिरवून सांगणारा माणूस. रबराची पट्टी कशी बसते, कुठे हवा राहते, सगळं मला पाठ. आणि स्वतःच्या तोंडाचं मला सुचलं नाही. कसं सुचणार? आयुष्यात मासे बघितले ते चष्म्यातूनच. चष्मा वेगळा आहे हेच विसरलो होतो मी. मला वाटायचं तो नाकाचाच भाग.

मग चष्मा काढून पायरीवर उभ्या काकूंकडे दिला आणि डोकं घातलं. काय दिसलं? निळं दिसलं. खाली तपकिरी दिसलं. एक पिवळा डाग हलला. तो गेला, दुसरा आला. डागच डाग, कुणीतरी रंगाच्या बाटल्या धुतल्यासारखे. मला कळत होतं की सगळे तिथेच आहेत. मी त्यांच्या गावात पोहोचलो होतो, अख्खं गाव घरी होतं, आणि मला कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. तुमच्यापासून काय लपवायचं, रडू आलं मला. मास्कच्या आत रडायची एक सोय असते, लोकांना वाटतं मास्क गळतोय.

बाहेर आलो. ही पायरीवर बसलेली, दुसऱ्याच्या हातचा चहा पीत. म्हणाली, "दिसले?" म्हटलं, "दिसले." म्हणाली, "काय दिसलं?" म्हटलं, "रंग." तिने माझ्याकडे बघितलं, काकूंच्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं, कप खाली ठेवला. "द्या इकडे तो मास्क." म्हटलं, "अगं, केस ओले होतील." म्हणाली, "सुकतील." आणि माझा हात धरून आली पाण्यात. ज्या बाईला होडीत भीती वाटते ती. मी चष्मा घालून छातीइतक्या पाण्यात उभा, आणि ही मास्क लावून पालथी. दोन क्षण गेले आणि वर आली ती डोळे मोठे करूनच. "अगं बाई," म्हणाली, "हे एवढं सगळं इथे असतं?"

म्हटलं, "कोण आहे? सांग." आता तिला नावं कुठली ठाऊक. ती कपड्यात सांगते. "एक काळा, पांढऱ्या उभ्या पट्ट्या, पण शेपटीपाशी कापताना माप चुकलंय." म्हटलं तो हॉटेलच्या टाकीतला, पुढे बोल. "एक हिरवा, त्याला गुलाबी गोट लावलाय, हाताने लावलाय, वेडावाकडा." म्हटलं तो खडक कुरतडतो, आवाज येतो बघ. ती खाली गेली, वर आली, म्हणाली, "येतो. कडकड येतो." मग परत खाली गेली आणि जरा वेळाने वर येऊन म्हणाली, "आणि एक चपटा आहे. पिवळा, पांढरा, काळा, तिन्ही रुंद पट्टे. पाठीवरून एक लांबच लांब दोरा सुटलाय, कुणीतरी कापायचा विसरलंय."

अहो, तो टाकीत राहत नाही. कितीही मोठी टाकी घ्या, काहीही खायला घाला, महिन्याभरात मरतो. आमच्या धंद्यात त्याचं नाव काढलं की जुनी माणसं मान हलवतात. मी त्याला फक्त चित्रात बघितलंय. म्हणजे जगातला तो एक मासा होता जो माझ्या फटीतून मला कधीच दिसणार नव्हता. आणि त्याच्यासाठीच आलो होतो मी खरं तर, हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, "कुठे आहे गं?" म्हणाली, "हा काय, समोर." "समोर म्हणजे किती?" ती म्हणाली, "दोन पावलांवर."

दोन पावलांवर! आणि ही दोन पावलं खरी होती हो, माणसाचीच. मी पाण्यात डोळे रोखून बघितलं, चष्म्यातून, वरून. लाटेवर ऊन चमकत होतं, खाली काही दिसेना. म्हटलं, "जा, बघ तू. दिसलं की माझा हात दाब." ती गेली. हात दाबला. पुन्हा दाबला. मग जोरात. मग सारखा दाबत राहिली आणि वर यायचंच विसरली. मी तिचा हात धरून उभा, पतंगाची दोरी धरून उभं राहावं तसा. तिचे केस पाण्यावर पसरलेले. मी विचारतोय, "कोण आहे? अगं, कोण आहे?" आणि समुद्रात कुणी उत्तर द्यायला मोकळं नव्हतं.

मला हेवा नाही वाटला, खरं सांगतो. म्हणजे वाटला. पण तिने जेव्हा मास्क काढला ना, चेहऱ्यावर रबराचा गोल वळ, नाक लाल, आणि अशी हसत होती की ती मुलगी मी लग्नाआधी एकदाच बघितली होती, तिच्या घरच्या जिन्यात. तेवढ्यानेच पलंग, कारखाना, सगळं वसूल झालं म्हणा. निघायच्या सकाळी मात्र मी पुन्हा एकदा नुसताच गेलो. चष्म्याशिवाय. डोकं घातलं आणि हललो नाही. डाग फिरत होते. मग एक निळा डाग जवळ आला. अजून जवळ आला. नाकापर्यंत आला, आणि नाकापर्यंतचं मला दिसतं! तोच हो. दाताच्या डॉक्टरांचा. म्हणजे तो नाही, त्याच्या घरचा कुणीतरी. माझ्या मास्कच्या काचेला त्याने तोंड टेकवलं आणि आत बघितलं. टाकीत कोण बसलंय ते बघतात ना, तसं. बघितलं, आणि गेला.

घरी आलो. चष्म्याच्या दुकानात गेलो तर तो दुकानदार म्हणतो, "अहो, मास्कलासुद्धा नंबरच्या काचा बसवून मिळतात, आधी का नाही आलात?" आधी का नाही आलात! त्याला काय सांगू, मी आधी वाऱ्याची दिशा बघत होतो. काचा महाग. मी नको म्हणत होतो, हीच म्हणाली, "बसवा. पुढच्या खेपेला तो दोरेवाला तुम्ही बघायचा." बसवल्या. पुढच्या खेपेसाठी बाजूला टाकलेलं होतं ते सगळं त्यात गेलं. म्हणजे आधी जायला पैसे होते तेव्हा डोळे नव्हते, आता डोळे आहेत. तर आता मी रविवारी बादली भरतो. मास्क लावतो, नळी धरतो. दार उघडलं की मोरी, डोकं घातलं की बादली. बाहेर हिचं मशीन चालू असतं आणि मधून मधून ती ओरडून सांगते, "आला बघा. डावीकडून. दोरा सुटलेला." मी आतून नळीतून विचारतो, "किती लांब?" ती म्हणते, "दोन पावलांवर." पण काचा काय बसवल्यात म्हणून सांगू तुम्हाला. परवा तळाला एक बटण पडलेलं होतं, हिच्याच कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं, आणि त्याची चारही भोकं दिसली मला. वर येऊन म्हटलं, "अगं, इथे एक पांढरं बटण आहे."

ही मशीन न थांबवता म्हणाली, "हात लावू नका, बिचकेल."